मीटर लावलं की दिवा विझतो, काढलं की लागतो

माणदेशी | रविवार, रात्री ९.१२

राम राम मंडळी. इथे बरेच जण इलेक्ट्रॉनिक्समधले आहेत म्हणून विचारतो. माझं शिक्षण बारावी शास्त्र, पुढचं सगळं व्हिडिओ बघून.

गोठ्यात सोलरवर एक दिवा केलाय. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी आणि ५ वॅटचा एलईडी. बॅटरी पार उतरून खराब होऊ नये म्हणून एलएम३५८ (दोन व्होल्टेजांची तुलना करायला वापरलेली आयसी) लावून कट-ऑफ बनवला. बॅटरीच्या प्लस-मायनसमध्ये १-१ मेगाओमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावलेत (१ टक्केवाले). त्यांच्या मधल्या जोडावरचं व्होल्टेज आयसीच्या एका पायाला जातं. दुसऱ्या पायाला झेनरवरून (व्होल्टेज स्थिर धरणारा डायोड) १० किलोओमच्या प्रीसेटने (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) ५.५५ व्होल्ट दिलेत. म्हणजे बॅटरी ११.१ ला आली की दिवा बंद. कागदावर तरी असंच आहे.

तपासायला मधल्या जोडावर मीटर टेकवलं की दिवा विझतो! मीटर उचललं की लागतो. पोरं हसायला लागली, म्हणाली दादा मीटरलाच स्विच बसवलाय.

मग घरातली-भावकीतली सगळी मीटरं गोळा केली.

माझं पिवळं, अडीचशे रुपयांचं डीटी-८३०: बॅटरी १२.७१, मधला जोड ४.२४ (दिवा विझतो)
चुलतभाऊ वायरमन आहे, त्याचं चांगल्यापैकी ऑटोरेंज: बॅटरी १२.५८, मधला जोड ५.९९ (दिवा चालू राहतो)
वडिलांचं जुनं काट्याचं, १० व्होल्टच्या रेंजला: मधला जोड १.८ च्या आसपास (दिवा विझतो). बॅटरी ५० च्या रेंजला साडेबारा दिसते.

हिशोबाने मधला जोड ६.२९ यायला हवा. तिन्हीपैकी एकही तसं सांगत नाही. कोणतं मीटर खरं? की तिन्ही फेकून नवीन घेऊ?

रिकामटेकडा | रविवार, रात्री ९.२०

ज्याच्याकडे एक घड्याळ असतं त्याला वेळ माहीत असते, तीन असतात तो दुसऱ्याला विचारत बसतो. दोन मीटरं मला पाठवून द्या, प्रश्न मिटला. (ह. घ्या.)

खुडबुड्या | रविवार, रात्री ९.४१

माणदेशी भाऊ, काही फेकू नका. तुमचे आकडे फारच छान जुळून आलेत, कसे ते सांगतो.

मीटर म्हणजे नुसता बघ्या नसतो. व्होल्टेज मोजताना त्याच्या दोन पिनांमध्ये एक रेझिस्टन्स असतो आणि तो तुमच्या सर्किटला समांतर जाऊन बसतो. त्यालाच इनपुट इम्पीडन्स म्हणतात. पिवळ्या डीटी-८३० मध्ये तो १ मेगाओम असतो. ऑटोरेंज डिजिटल मीटरमध्ये सहसा १० मेगाओम. काट्याच्या मीटरवर डायलच्या कोपऱ्यात '२० किलोओम प्रति व्होल्ट' असं काहीतरी लिहिलेलं असेल, म्हणजे १० व्होल्टच्या रेंजला २०० किलोओम.

आता तुमचा मधला जोड. त्याच्याकडे बाहेरून पाहिलं तर तो ६.२९ व्होल्टचा सेल आणि त्याच्या पोटात ५०० किलोओम, असा दिसतो (१ आणि १ मेगाओम समांतर). त्याला मीटर जोडलं की:

१० मेगाओम: ६.२९ × १० ÷ १०.५ = ५.९९
१ मेगाओम: ६.२९ × १ ÷ १.५ = ४.१९
२०० किलोओम: ६.२९ × ०.२ ÷ ०.७ = १.८०

तिन्ही मीटरं खरं बोलतायत. ती टेकवल्यावर त्या जोडावर खरोखरच तेवढं व्होल्टेज उरतं. म्हणून तर दिवा विझतो: ४.१९ हे ५.५५ च्या खाली गेलं, आयसीला वाटलं बॅटरी उतरली. ५.९९ त्याच्या खाली गेलं नाही म्हणून भावाच्या मीटरने दिवा चालू राहिला. तुमचा कट-ऑफ चोख काम करतोय, पोरांना सांगा.

माणदेशी | रविवार, रात्री ९.५८

आईशप्पथ. १.८० सुद्धा जुळलं! म्हणजे वडिलांचं मीटर अजून ठणठणीत आहे.

पण पिवळ्याचं ४.१९ यायला हवं होतं, ते ४.२४ दाखवतं. आणि बॅटरी थेट मोजली तरी १२.५८ ऐवजी १२.७१. थेट बॅटरीवर तर हे पोटातल्या रेझिस्टन्सचं लफडं नसणार ना?

सौदामिनी | रविवार, रात्री १०.२५

नेमका प्रश्न विचारलात. कॅलिब्रेशन लॅबमध्ये नोकरी असल्यामुळे राहवत नाही.

दोन वेगळे आजार आहेत आणि लोक ते कायम एकात एक करतात. पहिला लोडिंगचा, म्हणजे मीटर समांतर बसल्यामुळे व्होल्टेजच उतरतं तो; तो खुडबुड्यांनी सांगितला. दुसरा मीटरच्या स्वतःच्या अचूकतेचा. थेट बॅटरीवर लोडिंग नसतंच. बॅटरीच्या पोटातला रेझिस्टन्स ओमच्याही खूप खाली, त्यापुढे १ मेगाओम काय आणि १० काय, सारखेच. म्हणून तिथे जो फरक दिसतो तो निव्वळ अचूकतेचा. १२.७१ भागिले १२.५८ करा: १.०१. आता ४.२४ भागिले ४.१९ करा: तेही १.०१. म्हणजे तुमचं पिवळं मीटर भावाच्या मीटरपेक्षा १ टक्का जास्त दाखवतं, सगळीकडे सारखंच. मधल्या जोडावरची बाकी सगळी घसरण लोडिंगची.

आता हा १ टक्का माफ करण्याजोगा आहे का? अशा मीटरच्या पत्रकात डीसी व्होल्टला साधारण ±(०.५% + २ अंक) असं लिहिलेलं असतं. हे 'अंक' लोक विसरतात. २० व्होल्टच्या रेंजला शेवटचा अंक ०.०१ चा, म्हणून १२.५८ वर सूट ०.०६३ + ०.०२ = ०.०८३. मीटरने १२.५० ते १२.६६ मध्ये काहीही दाखवलं तरी तक्रार करता येणार नाही. १२.७१ त्याच्या बाहेर आहे. हीच बॅटरी २०० च्या रेंजला मोजलीत तर शेवटचा अंक ०.१ चा होतो, सूट पाव व्होल्टच्या वर जाते आणि तेच मीटर निर्दोष ठरतं. रेंज शक्य तेवढी खालची निवडायची ती यासाठी.

लेड-ॲसिड बॅटरीला हे झोंबतं. विसावलेली बॅटरी १२.७ ला भरलेली आणि १२.२ ला अर्धी, म्हणजे ०.१ व्होल्टला साधारण १० टक्के चार्ज. तुमच्या पिवळ्या मीटरनुसार बॅटरी काठोकाठ भरलेली आहे, भावाच्या मीटरनुसार नाही.

अर्थात भावाचं मीटर बरोबर आहे हे आपण गृहीत धरलंय. ते कशावरून?

खुडबुड्या | रविवार, रात्री १०.३३

माणदेशी, पिवळ्या मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी कधी बदलली होती?

माणदेशी | रविवार, रात्री १०.३६

बदलली?? घेतल्यापासून तीच आहे. कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह अधूनमधून येतं, पण आकडे दिसतायत म्हणून चालवतोय.

खुडबुड्या | रविवार, रात्री १०.५२

मिळाला चोर बहुतेक.

या मीटरच्या पोटात आयसीएल७१०६ किंवा त्याच जातीची चिप असते. बऱ्याच पिवळ्या मीटरमध्ये ती उघडीच पीसीबीवर चिकटवून वर काळा डांबरासारखा ठिपका दिलेला असतो. ती येणारं व्होल्टेज आणि स्वतःकडचं संदर्भ व्होल्टेज यांची तुलना करते. दाखवायचा आकडा = १००० × आलेलं ÷ संदर्भ. संदर्भ १०० मिलिव्होल्टचा, त्यामुळे १०० मिलिव्होल्ट आले की १००० दिसतो आणि १९९९ ला रेंज संपते.

हा संदर्भ चिपमधल्याच एका झेनरवरून काढलेला असतो आणि झेनरला स्थिर राहायला साधारण ७ व्होल्टच्या वर पुरवठा लागतो. ९ व्होल्टची बॅटरी त्याखाली गेली की संदर्भ घसरतो. संदर्भ भागाकारात खाली बसलाय, म्हणून आकडा वाढतो! उपाशी मीटर जास्त दाखवतं, कमी नाही. इन्व्हर्टरची बॅटरी मस्त १३ दाखवते म्हणून निश्चिंत राहिलेले आणि मग अंधारात बसलेले लोक मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

आधी नवीन बॅटरी टाका, मग बोलू. आणि कुणी काहीही सांगितलं तरी आतला छोटा प्रीसेट फिरवू नका.

रेडिओकाका | सोमवार, सकाळी ६.१५

प्रीसेटबद्दल खुडबुड्याशी सहमत. मी तरुणपणी एका गिऱ्हाइकाचं मीटर 'दुरुस्त' केलं होतं, उतरलेल्या बॅटरीवर प्रीसेट फिरवून. त्याने नवीन बॅटरी टाकल्यावर ते कमी दाखवायला लागलं आणि तो परत माझ्याच दुकानात आला. फिरवायचाच असेल तर आधी नेलपॉलिशने जागेची खूण करा आणि हातात खात्रीचा संदर्भ असल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात लावू नका.

काट्याच्या मीटरबद्दल एक गंमत. माणदेशी, वडिलांचं मीटर आता ५० व्होल्टच्या रेंजवर टाकून तोच मधला जोड मोजा. काटा फारसा हलणार नाही पण वाचता येईल. १.८ ऐवजी चारच्या पुढे दाखवेल, कारण ५० ला त्याचा रेझिस्टन्स १ मेगाओम झाला. रेंज बदलली आणि वाचन उडी मारून गेलं की समजायचं, मीटर सर्किटला खातंय. आम्हाला लोडिंग ओळखायला दुसरं मीटर लागत नसे.

व्हॉल्व्हच्या रेडिओत एव्हीसीची (आवाज आपोआप सारखा ठेवणारी) लाइन मोजायला आम्ही व्हीटीव्हीएम (व्हॉल्व्हवर चालणारा व्होल्टमीटर) वापरायचो. त्याचा इनपुट ११ मेगाओम, त्यातला १ मेगाओम तर प्रोबमध्येच. साध्या मीटरने ती लाइन मोजली की स्टेशनच हलायचं. आणि जुन्या सर्किटच्या नकाशावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असे, 'व्होल्टेज २०,००० ओम प्रति व्होल्टच्या मीटरने मोजले आहे'. म्हणजे छापलेला आकडाच लोडिंगसकट. आजचा पोरगा १० मेगाओमचं डिजिटल लावतो, नकाशापेक्षा जास्त व्होल्टेज बघतो आणि चांगले रेझिस्टर बदलत बसतो.

टेस्टरवाला | सोमवार, सकाळी ८.०५

मीच तो चुलतभाऊ, माझंच मीटर तिथे गेलंय. दाद्या, परत दे, काम अडलंय.

हे जास्त इम्पीडन्सचं कौतुक वाचून एक विचारतो. माझं १० मेगाओमवालं भारी ना? मग बंद एमसीबीच्या वायरवर ते ९०-१०० व्होल्ट का दाखवतं? टेस्ट लॅम्प लावला तर काहीच नाही. गिऱ्हाईक घाबरतं, मलाही हात लावायला धीर होत नाही.

खुडबुड्या | सोमवार, सकाळी ८.४०

टेस्टरवाला भाऊ, ते भुताचं व्होल्टेज. बंद वायर एकाच पाइपात चालू फेजच्या शेजारून जाते, दोघींमध्ये दर मीटर लांबीला साधारण ५० ते १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आपोआप तयार होतो. १० मीटर पाइप धरा, १००० पिकोफॅरड. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ३.२ मेगाओमच्या आसपास. तुमच्या मीटरच्या १० मेगाओमपुढे हे काहीच नाही, म्हणून मीटर भरपूर व्होल्टेज दाखवतं. शेजारी न्यूट्रल-अर्थही असते, त्यांच्याशीही कपॅसिटर होतो, म्हणून पूर्ण २३० न दिसता मधलंच काहीतरी दिसतं.

दिव्याने ते पार बसतं. काही मीटरवर 'लो-झेड' म्हणून बटण असतं, त्यात इनपुट ३ किलोओमच्या आसपास होतो. मग तेच भूत ०.२ व्होल्टवर येतं. म्हणजे तुमच्या कामाला कमी इम्पीडन्स चांगला, तुमच्या दादाच्या कामाला जास्त. एक सावधगिरी: लो-झेडवर चालू फेज ते अर्थ मोजलंत तर ७५-८० मिलिअँपिअर अर्थकडे जातील आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की लाइट तोडणारा स्विच) पडेल. गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर चालू असला तर आधी सांगा.

आणि ९० व्होल्ट दिसले की 'भूतच असेल' म्हणून हात घालू नका. तुटक्या न्यूट्रलवरही असलेच आकडे येतात. लॅम्पने खात्री करूनच.

माणदेशी | सोमवार, दुपारी १.३०

आटपाडीला गेलो होतो, ९ व्होल्टची बॅटरी आणली. पिवळं मीटर आता त्याच बॅटरीवर १२.६० दाखवतं, भावाचं १२.५८. कमाल आहे! (बॅटरी सकाळपासून सोलरवरून काढून ठेवली होती.)

आता सौदामिनीताईंचा प्रश्न डोक्यात बसलाय. दोन्ही जुळली, पण दोन्ही मिळून चुकीची असली तर?

सौदामिनी | सोमवार, रात्री ९.०५

असू शकतात. पण वेगळ्या कंपनीची, वेगळ्या चिपची दोन मीटरं ०.२ टक्क्यात जुळली तर दोघांनी संगनमताने एकाच दिशेला चुकण्याची शक्यता कमी. गोठ्याच्या दिव्याला एवढा पुरावा बास आहे.

हौस म्हणून पुढे जायचं असेल तर संदर्भ व्होल्टेजची आयसी घ्या. एलएम४०४० लहान असते, ग्रेडप्रमाणे ए ०.१%, बी ०.२%, सी ०.५%, डी १%. डी ग्रेड घेऊन ०.५ टक्क्याचं मीटर तपासणं म्हणजे फूटपट्टी वितीने मोजणं. ऑनलाइन एडी५८४ चे तयार बोर्ड मिळतात, त्यावर १०, ७.५, ५ आणि २.५ व्होल्ट निघतात. तिथेही ग्रेड बघा: १० व्होल्टला जे ग्रेड ±३० मिलिव्होल्ट, के ±१०, एल ±५. अशा बोर्डाबरोबर पेनाने लिहिलेले चार-पाच अंकी आकडे येतात. ते कोणत्या मीटरने, किती तापमानाला मोजले, त्या मीटरचं कॅलिब्रेशन कधीचं, हे काहीही कळत नाही. मी तो कागद वाचते आणि ग्रेडची मर्यादाच खरी धरते.

आमच्याकडे नियम असा की संदर्भ तपासायच्या मीटरपेक्षा निदान चौपट अचूक हवा. ०.५ टक्क्याच्या पिवळ्याला ०.१ टक्का म्हणजे एलएम४०४० ए ग्रेड चालून जातो. मोठ्या मीटरला नाही.

वरची साखळी विचाराल तर आमच्या लॅबचा कॅलिब्रेटर वरच्या लॅबकडून तपासला जातो आणि असं करत दोर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जातो. तिथे व्होल्ट जोसेफसन परिणामातून उभा करतात: अतिशीत जोडावर ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या सूक्ष्मलहरी सोडल्या की ठरावीक व्होल्टेजच्या पायऱ्या मिळतात. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांच्या किमती कायमच्या ठरवून टाकल्यात, त्यामुळे त्या पायऱ्यांचा हिशोबही पक्का झाला.

आणखी एक, आणि हे माणदेशीसाठी महत्त्वाचं. पत्रकातली अचूकता बहुतेक २३ अंश सेल्सिअस, अधिक-उणे ५ यासाठी असते. बऱ्याच पत्रकांत खाली लिहिलेलं असतं की १८ च्या खाली किंवा २८ च्या वर प्रत्येक अंशाला अचूकतेच्या ०.१ पट आणखी सूट. मे महिन्यात पत्र्याखाली ४२ अंश. २८ च्या वर १४ अंश, म्हणजे १.४ पट जादा. ०.०८३ ची सूट ०.२ व्होल्टवर गेली. दुपारी मीटर दप्तरात, मोजमाप पहाटे.

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ९.३०

'फूटपट्टी वितीने मोजणं' आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावतोय.

बारावी_ब | सोमवार, रात्री १०.१०

मी कोकणात बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. या धाग्यावर एक गोष्ट अजून कुणी काढली नाही याचं नवल वाटलं.

माणदेशी, तुम्ही बारावीला पोटेन्शिओमीटरचा प्रयोग केला असेल. लाकडी फळीवर ताणलेली तार, वर सरकवायची जॉकी, गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायचा. तेव्हा पाठ केलं असेल, 'पोटेन्शिओमीटर व्होल्टमीटरपेक्षा श्रेष्ठ, कारण संतुलनाच्या वेळी तो सेलमधून प्रवाह घेत नाही'. दोन गुणांचं उत्तर. आता त्याचा उपयोग करा.

१० किलोओमचा पॉट (तीन पायांचा, फिरवायचा रेझिस्टर) त्याच बॅटरीच्या प्लस-मायनसला जोडा. त्याच्या मधल्या पायावर तुम्हाला शून्य ते १२ पर्यंत हवं ते व्होल्टेज मिळेल. आता पिवळं मीटर तुमच्या डिव्हायडरचा मधला जोड आणि पॉटचा मधला पाय यांच्यामध्ये लावा. आधी २० ची रेंज. पॉट फिरवत वाचन शून्याजवळ आणा, मग २ व्होल्ट, मग २०० मिलिव्होल्टची रेंज. शून्य आलं याचा अर्थ दोन्ही टोकं सारख्या व्होल्टेजला आहेत, मीटरमधून प्रवाह वाहत नाही, म्हणजे त्या क्षणी त्याचा रेझिस्टन्स अनंत असल्यासारखाच. आता पॉट न हलवता मीटर पॉटचा मधला पाय आणि मायनस यांमध्ये लावून वाचा. पॉटच्या पोटात फार तर अडीच किलोओम, १ मेगाओमच्या मीटरची चूक पाव टक्का.

अडीचशे रुपयांच्या मीटरने लोडिंगशिवाय मोजमाप. आमच्या शाळेत काचेच्या कपाटात अजून एक जुना वेस्टनचा कॅडमियम सेल आहे, २० अंशाला १.०१८६ व्होल्टच्या आसपास देणारा. त्यातून प्रवाह काढायचा नाही हा त्याचा पहिला नियम, म्हणून त्याच्याशी तुलना अशीच शून्यावर आणून करायची. त्यात पारा आहे, त्यामुळे मुलांना फक्त काचेतून दाखवतो.

खुडबुड्या | सोमवार, रात्री १०.४५

सर, दंडवत. हे डोक्यातच आलं नव्हतं.

आता इनपुट इम्पीडन्स घरी कसा मोजायचा ते लिहून टाकतो, नाहीतर 'असतो म्हणे' यावरच राहील.

सगळ्यात सोपं: मीटरने मीटर मोजा. भावाचं मीटर ओमवर, पिवळं डीसी २० व्होल्टवर, पिना एकमेकांना जोडा, दोन्ही चालू. भावाचं थेट १ मेगाओमच्या आसपास दाखवेल. त्याच वेळी पिवळ्यावर काही व्होल्ट दिसतील, ते भावाचं मीटर ओम मोजताना किती व्होल्टेज सोडतं ते; फुकटात दुसरी माहिती. उलट करून पिवळ्याने भावाचं मोजायला गेलात तर नुसता डावीकडे १ दिसेल, कारण पिवळ्याची ओमची रेंज २ मेगाओमला संपते.

दुसरी रीत: ९ व्होल्टची बॅटरी थेट मोजा. मग मध्ये १ मेगाओमचा रेझिस्टर घालून मोजा. इनपुट = रेझिस्टर × दुसरं वाचन ÷ (पहिलं − दुसरं). रेझिस्टर १ टक्क्याचा घ्या, तपकिरी-काळा-काळा-पिवळा आणि शेवटी तपकिरी पट्टा. सोनेरी पट्ट्याचा ५ टक्केवाला घेतलात तर उत्तरही तेवढंच. आणि रेझिस्टर दोन्ही बोटांत धरून मोजू नका, अंगाचा रेझिस्टन्स समांतर येतो आणि मीटर उगाच चांगलं दिसतं. मगरचिमटे लावा.

तिसरी रीत मला सगळ्यात आवडते. १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर ९ व्होल्टला चार्ज करा आणि मीटरला लावून घड्याळ बघा. वाचन ३७ टक्क्यांवर, म्हणजे ३.३ व्होल्टवर यायला १० मेगाओमच्या मीटरला १० सेकंद लागतात. पिवळं सेकंदात संपवेल. इलेक्ट्रोलिटिक वापरू नका, तो स्वतःच गळतो. काही ऑटोरेंज मीटरांत मिलिव्होल्टच्या रेंजला इनपुट १०० मेगाओमच्या वर असतो. तिथे मोकळ्या पिना हवेत धरल्या तरी आकडे भरकटत राहतात. लोक म्हणतात मीटर बिघडलं, ते बिघडलेलं नसतं. चांगल्या बेंच मीटरवर तर खालच्या रेंजना १० गिगाओमच्याही वर जाता येतं, पण ते आपल्या गोठ्यात येणार नाही.

रेडिओकाका | मंगळवार, सकाळी ६.०५

हे सगळे प्रयोग बॅटरीवर. लाइटच्या सॉकेटवर कुणी 'मध्ये रेझिस्टर घालून' बघायला जाऊ नका. आणि लाल पिन १० अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, दर वेळी बघा. पिवळ्या मीटरांत त्या भोकाला सहसा फ्यूज नसतो, आत नुसती जाड तार असते. व्होल्ट मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.

माणदेशी, आता मूळ दुखण्यावर. १-१ मेगाओम का घेतलेत?

माणदेशी | मंगळवार, सकाळी ७.२०

काका, बॅटरी वाचवायला. २ मेगाओममधून फक्त ६.३ मायक्रोअँपिअर जातो ना.

रेडिओकाका | मंगळवार, सकाळी ७.४५

आणि एलएम३५८ स्वतः अर्धा-एक मिलिअँपिअर खातो त्याचं काय? झेनर आणि प्रीसेट त्याहून वेगळे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. १००-१०० किलोओम घाला. ६३ मायक्रोअँपिअर जातील, बॅटरीला पत्ताही लागणार नाही.

शिवाय त्या आयसीच्या पायातून स्वतःचा थोडा प्रवाह बाहेर येतो, साधारण ४५ नॅनोअँपिअर. कट-ऑफच्या जवळ आल्यावर तो तुमच्या ५०० किलोओमवर २२ मिलिव्होल्ट उचलतो, बॅटरीच्या हिशोबात ४५. म्हणजे दिवा ११.१ ऐवजी थोडा उशिरा बंद होतो. त्यात प्रीसेट तुम्ही १ टक्का जास्त दाखवणाऱ्या मीटरने ५.५५ ला लावला, म्हणजे खरे ५.५०. तो पुन्हा लावा.

माणदेशी | बुधवार, रात्री ८.५०

सगळं केलं. आकडे देतो.

मीटरने मीटर: भावाच्या मीटरने पिवळ्याचा इनपुट १.००३ मेगाओम. उलट केल्यावर खुडबुड्या म्हणाले तसा डावीकडे १.

रेझिस्टरची रीत: भावाचं मीटर ९.२४ वरून ८.४०. ८.४० ÷ ०.८४ = १० मेगाओम बरोब्बर. पिवळं ९.२६ वरून ४.६३, म्हणजे १.

काट्याचं ५० च्या रेंजला मधल्या जोडावर चार आणि थोडं. वडिलांना दाखवलं, ते म्हणाले हे मला माहीतच होतं. होतं की नाही देव जाणे.

सरांची शून्याची रीत: पॉट जरा भरकन फिरवला की दिवा लुकलुकायचा, पण शून्यावर आणलं आणि दिवा लागलेला राहिला! पिवळं मीटर जोडलेलं असताना! पॉटवर वाचन ६.२८. मी तिथेच मांडी घालून बसलो. बारावीत हा प्रयोग आम्ही चौघांनी मिळून एकाच्या वहीतून उतरवला होता.

मग काकांचं ऐकून १००-१०० किलोओम घातले. आता मधल्या जोडावर भावाचं ६.२६, पिवळं ६.००, आणि दिवा कशानेही विझत नाही. प्रीसेट भावाच्या मीटरने ५.५५ ला लावला.

टेस्टरवाला | बुधवार, रात्री ८.५८

मीटर.

माणदेशी | बुधवार, रात्री ९.०१

उद्या सकाळी आणून देतो रे.

सौदामिनी | बुधवार, रात्री ९.३०

६.०० चं कारणही तेच: ६.२९ ÷ १.०५ = ५.९९. लोडिंग गेलं नाही, ५ टक्क्यांवर आलं. दिवा विझत नाही एवढंच. मधल्या जोडाचा खरा आकडा हवा असेल तर पॉटचीच रीत.

खुडबुड्या | बुधवार, रात्री ९.४४

वाचनखूण साठवली. माणदेशी, पूर्ण सर्किटची आकृती टाका ना इथे, पुढच्याला उपयोग होईल. आणि हिस्टेरिसिस, म्हणजे बंद होण्याच्या आणि परत लागण्याच्या व्होल्टेजमध्ये अंतर, ठेवलाय का? दिवा बंद झाल्यावर बॅटरी वर चढते आणि दिवा परत लागतो, असं होत नाही ना?

माणदेशी | बुधवार, रात्री १०.२०

होतं हो. रात्री दीडला उघडझाप सुरू होते, गाय बिचारी बघत बसते. आकृती दोन दिवसांनी टाकतो, गाय व्यायला झालीय, आज रात्री गोठ्यातच मुक्काम. दिवा मेन लाइटवर घेतलाय.